बोलांजेची चव अशी का लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका लग्नात बोलांजेची शॅम्पेन प्यायला मिळाली. आधी प्यायलेल्या शॅम्पेन हलक्या, लिंबू पिळल्यासारख्या होत्या. ही मात्र भरदार लागली आणि वासात कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं काहीतरी जाणवलं. बाटली खराब झाली होती का? नसेल, तर जवळपास दोनशे वर्षांची परंपरा आणि ‘हाउस स्टाइल’ म्हणतात ती खरंच बाटलीत उतरते, की आपण नावाचे पैसे मोजतो?

बाटली बहुतेक चांगलीच होती. तुम्हाला जो वास खटकला, तो या घराण्याची ओळख आहे, आणि तो तिथे असावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भरपूर पैसा आणि त्याहून जास्त वेळ खर्ची पडला आहे. हॉटेलांमध्ये वाइन वाढण्यात आणि नंतर ती वाढायला शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यातली सुरुवातीचीच एक गोष्ट सांगतो.

नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल. मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात एका टेबलावरून हीच बाटली परत आली. ‘जुनाट वास येतोय’, एवढंच पाहुणे म्हणाले. आमच्या वरिष्ठांनी ग्लास नाकाशी धरला, मान हलवली आणि दुसरी बाटली उघडायला सांगितली. तिलाही तोच वास. तिसरीलाही तोच. अख्खी पेटी खराब म्हणून पुरवठादाराकडे परत गेली. पुढे दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात लेबलं झाकलेल्या सहा शॅम्पेन समोर आल्या. चौथ्या ग्लासाला तोच वास आला आणि माझा हात थांबला. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, ‘ही बोलांजे. आणि ही अगदी जशी असायला हवी तशी आहे.’ त्या परत गेलेल्या पेटीचं मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबवर जाऊन देतोय.

आधी नावाचं. आपल्याकडे आणि इंग्रजीत ‘बॉलिंजर’ म्हणतात; फ्रेंच उच्चार ‘बोलांजे’च्या जवळचा. हे घराणं फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या ज्या गावात आहे त्याचं नाव मराठी माणूस एकदा ऐकल्यावर विसरत नाही: आई. उच्चार अगदी तसाच, आ-ई. मार्न नदीच्या काठावर, दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या खडूच्या डोंगरउतारांच्या पायथ्याशी हे गाव वसलंय. एपर्ने तिथून हाकेच्या अंतरावर. शॅम्पेनला बुडबुडे मिळण्याच्या कितीतरी आधीपासून आई गावची वाइन राजेरजवाड्यांच्या घरी जात होती. २०१५ मध्ये युनेस्कोने शॅम्पेनचे डोंगरउतार, पेढ्या आणि तळघरं जागतिक वारशात घेतली, त्यात या गावचे मळे आहेत.

पेढी सुरू झाली १८२९ मध्ये. तीन माणसं एकत्र आली. अथानाझ द व्हिलेरमाँ हा सरदार घराण्यातला, मळ्यांचा मालक. पण सरदाराने व्यापारात नाव लावणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई, म्हणून पाटीवर त्याचं नाव नाही. जोझेफ-जाकोब बोलांजे हा जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गहून आलेला, विक्रीत तरबेज. तिसरा पॉल रनोदँ. बोलांजेने पुढे व्हिलेरमाँच्या मुलीशी लग्न केलं, फ्रेंच नागरिकत्व घेतलं, नावाचं ‘जाक’ केलं. शॅम्पेनच्या कितीतरी पेढ्यांची सुरुवात अशी जर्मन माणसाच्या हातून झाली आहे. क्रुग, म्यूम, डॉइट्झ ही नावंच बघा. १८८४ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडून दरबारी पुरवठ्याची सनद मिळाली आणि इंग्लंड हे या घराण्याचं हक्काचं गिऱ्हाईक झालं. हा तपशील चवीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. त्या काळी रशियात शॅम्पेन अतिगोड लागायची, इंग्रजांना कोरडी हवी असायची, जेवणाबरोबर पिता येईल अशी. साखर कमी करायची तर मूळ वाइन अंगाने भरलेली हवी, कारण झाकायला काही उरत नाही.

आता ‘हाउस स्टाइल’ म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे गाण्याच्या घराण्याला जे म्हणतात त्याच्या ती फार जवळ जाते. राग तोच, पण सूर कसा लावायचा, कुठे थांबायचं, काय वर्ज्य करायचं, हे ठरलेलं असतं आणि जाणकाराला पहिल्या दोन मिनिटांत कळतं. शॅम्पेनमध्ये राग म्हणजे कायदा. द्राक्षं तीच तीन: काळी पिनो न्वार आणि म्यूनिये, पांढरी शार्दोने (बाकीच्या परवानगी असलेल्या जाती नगण्य). पद्धतही तीच: आधी साधी वाइन करायची, मग ती साखर आणि यीस्ट घालून बाटलीत भरायची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबू द्यायची, तयार झालेला वायू आत कोंडला जातो आणि फेस येतो. हे सगळ्यांना सारखंच. फरक पडतो तो या चौकटीत कोण काय निवडतं त्याने.

हे पटवायला माझ्याकडे सगळ्यात चांगलं उदाहरण त्याच गावातलं आहे. आयाला ही १८६०ची पेढी, तिचीही तळघरं आई गावातच. २००५ पासून ती बोलांजे कुटुंबाच्याच मालकीची आहे. मालक एक, गाव एक, खडू एक, कायदा एक. आणि तरी दोन ग्लास शेजारी ठेवा: आयाला सडसडीत, लिंबाच्या सालीसारखी, स्टीलच्या टाक्यांत केलेली, शार्दोनेकडे झुकलेली. बोलांजे रुंद, अक्रोडाची, पिनो न्वारची. माती दोघींनाही सारखंच देते. पुढचं माणसांनी ठरवलेलं असतं. विद्यार्थ्यांना मी बाकी काही दाखवू शकलो नाही तरी हे दोन ग्लास जरूर दाखवतो.

तर बोलांजेने काय ठरवलं?

पहिलं म्हणजे पिनो न्वार. साधारण १८० हेक्टर मळे त्यांचे स्वतःचे आहेत आणि लागणाऱ्या द्राक्षांपैकी निम्म्याहून जास्त तिथूनच येतात. मोठ्या पेढ्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त समजतात, कारण शॅम्पेनमध्ये बहुतेक जमीन छोट्या शेतकऱ्यांची आणि पेढ्या द्राक्षं विकत घेणाऱ्या. आई, आव्हने, तोझिएर, लूव्हवा, व्हेर्झने या गावांतून पिनो न्वार, क्युईमधून शार्दोने. त्यांची नेहमीची बाटली, ‘स्पेश्याल क्युव्हे’, हिच्यात साठ टक्के पिनो न्वार, पंचवीस टक्के शार्दोने आणि पंधरा टक्के म्यूनिये असते. काळ्या द्राक्षातून पांढरी वाइन काढायची तर दाबताना हात हलका लागतो. रंग सालीत असतो. साल रगडली गेली की रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात. कायद्याने ४,००० किलो द्राक्षांतून फक्त २,५५० लिटर रस घेता येतो. त्यातला पहिला २,०५० लिटर उत्तम. पिनो न्वारमुळे अंग येतं, लाल फळांचा भरीवपणा येतो. पण तुमच्या सफरचंदाचं मूळ इथे नाही.

ते पिंपात आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शॅम्पेनमध्ये बहुतेक पेढ्यांनी लाकडी पिंपं काढून टाकली आणि स्टीलच्या टाक्या बसवल्या. समजण्यासारखं होतं: टाकी धुवायला सोपी, तापमान हातात, हवा आत शिरत नाही, माणसं कमी लागतात. बोलांजेने पिंपं ठेवली. आज त्यांच्याकडे साडेतीन हजारांहून जास्त लहान ओक पिंपं आहेत आणि ज्या वर्षांची साल-छापाची, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची आणि ते वर्ष बाटलीवर छापलेली वाइन होते, त्या ‘ला ग्राँद आने’साठीचा सगळा रस पिंपातच आंबतो. पिंपं दुरुस्त करणारा स्वतःचा कारागीरही त्यांनी ठेवला. मी आई गावी गेलो तेव्हा त्याच्या कामाच्या जागी थोडा वेळ उभा होतो. एका जुन्या पिंपाचा तळ उघडून त्याने एक खराब झालेली फळी काढली आणि दुसरी बसवताना फटीत वाळलेल्या लव्हाळ्याची पात घातली. ओली झाली की ती फुगते आणि फट बुजते. खिळा नाही, डिंक नाही. मग हातोडीने लोखंडी कडं हळूहळू ठोकत खाली आणलं. दर ठोक्याला आवाज बदलत होता, आणि तो आवाजावरूनच थांबला.

इथे एक गैरसमज दूर करतो. ओकचं पिंप म्हटलं की लोकांना व्हॅनिला आणि धुराचा वास अपेक्षित असतो. बोलांजेची पिंपं जुनी असतात, बरीचशी बर्गंडी या फ्रान्सच्याच दुसऱ्या वाइन-प्रांतात आधी वापरलेली. नवा माठ आणला की पहिले काही दिवस पाण्याला मातीचा वास येतो. वर्षभर वापरलेल्या माठातलं पाणी फक्त गार लागतं. तसंच हे. लाकडाची चव यांना नकोच असते. त्यांना हवी असते लाकडातून, फटींतून अगदी कणाकणाने आत येणारी हवा.

हवा वाइनची शत्रू, असं पहिल्या धड्यात शिकवतात आणि ते खरंही आहे. पण रस आंबत असताना, यीस्ट जिवंत आणि भुकेलं असताना थोडी हवा लागली, तर पुढे काळे पडू शकणारे घटक तिथेच, लवकर, आपली प्रतिक्रिया करून मोकळे होतात. उरलेली वाइन नंतरच्या हवेला घाबरत नाही. लहानपणी मातीत खेळलेलं पोर पुढे सहसा आजारी पडत नाही, तसा हा प्रकार. शिवाय प्रत्येक गावची, प्रत्येक वाफ्याची वाइन वेगळ्या पिंपात राहते, त्यामुळे मिश्रण करणाऱ्याच्या हाताशी शेकडो वेगळे सूर असतात. आणि या संथ श्वासातून ज्या वासांचा जन्म होतो ते असे: भाजलेलं सफरचंद, अक्रोड, बदामाची साल, किंचित मसाला. तुम्ही ‘कापून ठेवलेलं सफरचंद’ म्हणालात, ते नेमकं ओळखलंत. फक्त ते विसरून राहिलेलं नव्हतं, मुद्दाम ठेवलेलं होतं.

दुसरी गोष्ट मला याहूनही थक्क करते: राखीव वाइन. शॅम्पेन इतक्या उत्तरेला आहे की दरवर्षीचं हवामान सारखं नसतं; एखाद्या वर्षी द्राक्ष नीट पिकतच नाही. म्हणून वर्षाची वाइन जुन्या वर्षांच्या वाइनमध्ये मिसळतात, चव स्थिर राहते. सगळ्याच पेढ्या हे करतात आणि बहुतेकांची राखीव वाइन टाक्यांत असते. बोलांजे आपल्या उत्तम राखीव वाइन मॅग्नममध्ये, म्हणजे दीड लिटरच्या काचेच्या बाटल्यांत, खऱ्या बुचाखाली ठेवते. त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात, अगदी हलका फेस येईल इतकंच. तो वायू आत राहून वाइनला ताजी ठेवतो. गाव वेगळं, वर्ष वेगळं, द्राक्ष वेगळं, तर बाटलीही वेगळी. पाच वर्षं, दहा वर्षं, काही पंधरा. अशा सात लाखांहून जास्त मॅग्नम त्या गावाच्या पोटात आडव्या पडलेल्या आहेत.

आता विचार करा, मिश्रणाच्या वेळी काय होत असेल. टाकी असती तर नळ उघडला की झालं. इथे प्रत्येक मॅग्नम हाताने उघडायची, प्रत्येकीचा वास घ्यायचा, बुचाने बिघडवलेली बाजूला काढायची, मगच ओतायची. हजारो बाटल्या. आणि अंतिम मिश्रणात या वाइनचा वाटा किती? साधारण पाच ते दहा टक्के. कुठल्याही हिशेबनिसाने हे पान बघितलं तर पहिली काट इथेच मारेल. पण ती मॅग्नमची वाइन काढून टाकलीत तर तुम्हाला जे भरदार वाटलं ते निघून जाईल. लोणच्याच्या बरणीत मोहरी किती असते? तरीही ती नसेल तर ते लोणचं राहत नाही. मुरणं हा आपला शब्द इथे अगदी चपखल बसतो. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये याच्याइतका नेमका शब्द मला सापडलेला नाही.

‘स्पेश्याल क्युव्हे’ या नावाची कथाही इथेच सांगून टाकतो. १९११ साली जॉर्ज बोलांजे आणि त्यांचे इंग्लंडमधले विक्रेते मेंट्झेनडॉर्फ यांना वाटलं, की इतक्या खटाटोपाच्या वाइनला नुसतं ‘साल-छाप नसलेली’ म्हणणं बरं नाही. म्हणून हे इंग्रजी वळणाचं नाव. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, बाहेरून स्वस्त द्राक्षं आणणाऱ्या व्यापाऱ्यांवर चिडलेल्या शेतकऱ्यांनी याच आई गावात पेढ्यांना आगी लावल्या होत्या. शॅम्पेनच्या हद्दी आणि नियम इतके कडक का आहेत, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या आगींमध्ये आहे.

तिसरी गोष्ट बुचाची. बाटलीतलं दुसरं आंबवणं चालू असताना बाटलीला बहुतेक ठिकाणी सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण असतं. बोलांजेच्या साल-छापाच्या बाटल्यांना त्या काळातही खरं बूच असतं, वरून लोखंडी चाप लावलेलं. पहिली काही वर्षं पत्रा आणि बूच यांत फारसा फरक पडत नाही, पण वाइन आठ-दहा वर्षं तळघरात राहणार असेल तर बूच तिला जास्त चांगलं जपतं, हा त्यांचा अनुभव. त्याची किंमत अशी, की गाळ काढायचं काम यंत्राला देता येत नाही. कामगार बाटली उलटी धरतो, पकडीने चाप काढतो, बूच सुटायला लागलं की मनगटाच्या एका झटक्यात बाटली वर करतो. गाळ उडून जातो, अंगठा तोंडावर बसतो, आणि लगेच बाटली नाकाशी जाते. एक श्वास. ठीक असेल तर पुढे, नाहीतर बाजूला. तो श्वास प्रत्येक बाटलीला मिळतो.

गाळ म्हणजे मेलेलं यीस्ट. त्यावर वाइन जितकी जास्त पडून राहील तितकी तिच्यात पावाच्या कडेचा, भाजलेल्या पिठाचा वास येतो, आणि गंमत म्हणजे तोच गाळ हवेपासून तिला राखतोही. कायद्याने साल-छाप नसलेल्या शॅम्पेनला एकूण पंधरा महिने आणि साल-छापाच्या वाइनला तीन वर्षं पुरतात. बोलांजेची साधी बाटलीच तीन वर्षं घेते; ‘ग्राँद आने’ सात-आठ वर्षं. या सगळ्यात एक मोठी सुसंगती आहे आणि मला वाटतं ‘स्टाइल’ म्हणजे तीच: सुरुवातीला हवा द्यायची, नंतर वर्षानुवर्षं ती अडवून धरायची. पिंप उघडं, तळघर बंद. एकच केलं असतं तर जमलं नसतं.

या विचाराला टोकापर्यंत नेणाऱ्या बाई म्हणजे लिली बोलांजे. पती जाक (संस्थापक नव्हे, त्याच नावाचे त्यांचे वंशज) १९४१ मध्ये वारले तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात, लिलीबाई बेचाळिशीच्या, मूलबाळ नाही. त्यांनी पेढी हातात घेतली आणि १९७१ पर्यंत चालवली. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून त्या सायकलवरून मळ्यांची पाहणी करत; सायकलवर बसलेल्या लिलीबाईंचं छायाचित्र आजही सगळीकडे दिसतं. आनंदात, दुःखात, एकटी असताना शॅम्पेन पिते, अशा आशयाचं त्यांचं १९६१ मधलं वाक्य जगभर छापलं जातं. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. १९६७ मध्ये त्यांनी १९५२ सालची वाइन बाजारात आणली, पंधरा वर्षं गाळावर ठेवलेली आणि विक्रीच्या थोडंच आधी गाळ काढलेली. नाव ठेवलं ‘आर. डी.’, म्हणजे नुकताच गाळ काढलेली. त्यात साखरही अगदी कमी. वय आणि ताजेपणा एकाच ग्लासात देता येतात हे त्यांनी दाखवलं. त्यानंतर इतर पेढ्यांनीही उशिरा गाळ काढलेल्या वाइन बाजारात आणल्या. बाटलीवर गाळ काढल्याची तारीख छापणं हेही तिथूनच रुळलं.

पुढे १९९२ मध्ये, शॅम्पेनच्या दर्जाबद्दल बरीच टीका होत असताना, लिलीबाईंचे भाचे क्रिस्त्याँ बिझो यांनी पेढीची सनदच छापून जाहीर केली: द्राक्षं कुठली, पिंपं किती, वाइन किती वर्षं ठेवतो. आपण काय करतो हे लिहून देणं हा बाजारात बसलेल्या माणसासाठी मोठा धोका असतो, कारण उद्या कुणीही येऊन विचारू शकतं. मला तो निर्णय फार आवडतो.

एका गोष्टीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती आपल्या द्राक्ष बागायतदारांना लगेच कळेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाची, मुळं खाणारी बारीक कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि मळेच्या मळे वाळले. शॅम्पेनमध्ये ती उशिरा, १८९०च्या सुमारास पोहोचली. उपाय एकच सापडला: अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचं कलम. नाशिक-सांगलीकडे आज डॉगरिज खुंटावर जे कलम करतात त्याचं कारण वेगळं, खारं पाणी आणि दुष्काळ, पण तत्त्व तेच. बोलांजेच्या मालकीचे आई गावातले भिंतीने वेढलेले दोन छोटे तुकडे, क्लो सँ-जाक आणि शोद तेर, या किडीतून वाचले. तिथल्या पिनो न्वारला खुंट नाही. वेल स्वतःच्या मुळांवर उभी आहे. नवी वेल करायची पद्धतही जुनी, आपल्या दाब कलमासारखी: फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की तीच नवी वेल. त्यामुळे ओळी नाहीत, वेली दाटीवाटीने कशाही उभ्या, ट्रॅक्टर आत जाऊ शकत नाही, सगळं हाताने. बूझी गावातला असाच तिसरा तुकडा अखेर किडीने घेतला. १९६९ पासून या तुकड्यांची वेगळी वाइन करतात, ‘व्हिएय व्हीन्य फ्राँसेझ’ नावाची. चांगल्या वर्षी दोन-तीन हजार बाटल्या. मी ती आयुष्यात एकदाच चाखली, जेमतेम दोन घोट. फेस होता हे मला नंतर आठवलं. आधी लक्षात राहिली ती तिची जाडी, मध आणि सुक्या अंजिराच्या मधली कुठलीतरी चव, आणि ग्लास रिकामा झाल्यावरही बराच वेळ येत राहिलेला वास.

परंपरेबद्दल विचारलंत म्हणून आणखी एक. २०१० मध्ये तळघरात काम करणाऱ्या एका शिकाऊ मुलाला, रिकाम्या बाटल्यांच्या थप्पीमागे बुजलेली एक खोली सापडली. आत जुन्या बाटल्या, त्यांत अगदी १८३० सालच्या. म्हणजे पेढीच्या जवळजवळ पहिल्या मालापैकी. त्या स्वच्छ केल्या, तपासल्या, नव्याने बुचं बसवली आणि त्यांचं एक दालन केलं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की आजच्या वाइन करणाऱ्यांना आपल्या पूर्वजांची वाइन चाखून बघता आली. कागदावर लिहिलेली परंपरा कितीही फुगवता येते, बाटलीतली नाही.

आता नावाचे पैसे मोजतो का, या प्रश्नाकडे. काही प्रमाणात, हो. जेम्स बाँडच्या चित्रपटांतून १९७०च्या दशकापासून ही बाटली दिसते आणि ती प्रसिद्धी फुकट येत नाही. आपल्याकडे तर आयातकर आणि राज्याचे कर मिळून किमतीचा मोठा भाग होतो, त्यात बोलांजेचा काही संबंध नाही. पण उरलेल्या रकमेत पिंप दुरुस्त करणारा आहे, लाखो मॅग्नम आहेत, तीन वर्षं अडकून पडलेलं भांडवल आहे. हे तुम्हाला चवीत दिसतं आणि म्हणून तुम्ही प्रश्न विचारलात. तरीही ही शैली सगळ्यांना आवडायलाच हवी असं मी म्हणणार नाही. दुपारच्या उन्हात, काही न खाता, गप्पा मारत एक ग्लास हवा असेल तर मी स्वतः आयालासारखी हलकी बाटली उघडेन. बोलांजे जेवणाबरोबर खुलते: भाजलेली कोंबडी, मशरूम, तुपात परतलेली कोलंबी, जुनं चीज. लग्नातल्या गर्दीत, उभ्याउभ्या, बर्फासारखी गार करून दिलेली बोलांजे तुम्हाला थोडी परकी वाटली यात तुमच्या जिभेची काही चूक नाही.

पुन्हा संधी मिळाली तर असं करा. बाटली बर्फाच्या बादलीत गोठवू नका. दहा अंशांच्या आसपास असू द्या. उंच अरुंद ग्लासाऐवजी साधा पांढऱ्या वाइनचा, पोट असलेला ग्लास घ्या आणि अर्ध्यापेक्षा कमी भरा. पहिला घोट लगेच घ्या, दुसरा दहा मिनिटांनी, तिसरा अर्ध्या तासाने. सफरचंद आधी येईल, मग अक्रोड, मग पावाचा कड. आणि या सगळ्याच्या खाली शेवटपर्यंत एक स्वच्छ आंबटपणा ताणलेल्या तारेसारखा राहील. तो आंबटपणा हीच चांगल्या बाटलीची खूण.

खरोखर बिघडलेली बाटली वेगळी असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानाच्या वरच्या फळीवर, दिव्याखाली उभी राहिलेली बाटली महिन्याभरात म्हातारी होते, म्हणून विकत घेताना ती कुठे ठेवली होती हे जरूर विचारा. अशा बाटलीचा रंग तांबूस झालेला असतो, फेस लगेच मरतो, आंबटपणा जागेवर नसतो आणि घोट गिळल्यावर फक्त कडवटपणा मागे राहतो. बुचाने बिघडली असेल तर ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि ग्लास हवेत ठेवला की तो कमी न होता वाढतच जातो. त्या वेळी मात्र बाटली परत पाठवायला अजिबात संकोच करू नका.